कुलूपवाल्याचं डोकं

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. गिऱ्हाईक मोडकी किल्ली घेऊन येतं आणि वर तोंड करून सांगतं, "आपोआप मोडली हो." किल्ली आपोआप मोडत नाही. माणूस घाईत असतो, चुकीची किल्ली घालतो, जोर लावतो, मग मोडते. तीस वर्षं मी किल्ल्या घासतोय आणि तीस वर्षं हेच ऐकतोय, त्यामुळे चार शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही. लोक तरी पुन्हा माझ्याकडेच येतात, कारण या रस्त्यावर दुसरा कुलूपवाला नाही.

माझी बायको नेमकी उलटी. ती रागावते, पण आवाज न चढवता, आणि ते जास्त लागतं. एकोणीस वर्षं ती दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता प्रार्थनेच्या हॉलमध्ये जायची. मी तिला दारापर्यंत सोडायचो आणि तिथूनच परत फिरायचो. "तुमच्या देवाला घरी बसलेल्यांचं ऐकू येत नाही का?" असं मी विचारायचो. "येतं. पण मला एकटीला बोलायला आवडत नाही," ती म्हणायची. आमचं याच्यापुढे कधी गेलं नाही.

मग तिच्या रक्ताचा आजार निघाला. डॉक्टरांनी कागदावर हाडाचं चित्र काढून दाखवलं. म्हणाले, इथे रक्त तयार होतं आणि सध्या इथे बिघडलेला माल तयार होतोय. तो कारखाना आधी पूर्ण बंद करायचा आणि मग नव्याने चालू करायचा. बारा आठवडे हॉस्पिटल, वेगळी खोली, तोंडाला मास्क लावून एका वेळी एकच माणूस, तेही अर्धा तास. मी विचारलं, "चालू नाही झाला तर?" डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आपण सुरुवात तर करूया."

सोमवारी तिला दाखल केलं. पलंगावर बसल्या बसल्या तिने बॅग उघडली आणि कपड्यांच्या आधी एक वही बाहेर काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली.

"उद्या मंगळवार," ती म्हणाली.

"बरं मग?"

"तुम्ही जायचं. माझ्या खुर्चीत बसायचं."

"मी?"

"आमच्याकडे खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. कुणी आजारी पडलं, बाहेरगावी गेलं, तर घरचं कुणीतरी येऊन बसतं. आपल्या घरात दुसरं आहे कोण? आणि बसून यादीही वाचायची. ती माझ्याकडेच असते."

"अगं, मला त्यातलं काय कळतं? उद्या गायलाही लावशील."

"गाऊ नका, कृपा करा. वाचा फक्त. तुमचा आवाज दणदणीत आहे. टेलरबाईंना कमी ऐकू येतं. मी वाचते तेव्हा यादीतली निम्मी माणसं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या मनगटात खुपसलेली सुई आणि त्यावरची पट्टी दिसली. "एक मंगळवार," मी म्हटलं. "बारा," ती म्हणाली. मी चारवर आलो, मग सहावर. ती बाराच्या खाली आली नाही. शेवटी वही काखेत मारून मी बाहेर पडलो.

हॉल एका लॉन्ड्रीच्या शेजारी आहे. भिंतीपलीकडे मोठी मशिनं धडधडत असतात, त्यामुळे ती भिंत कायम कोमट असते आणि म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या तिच्याच बाजूला. एकूण चाळीस लाकडी खुर्च्या, एक घड्याळ, तेही तीन मिनिटं पुढे. पण मी आधी पाहिलं ते दार. दाताच्या डॉक्टरची नजर जशी समोरच्याच्या दातांवर जाते, तसं माझं होतं. जुनं लॅच, स्प्रिंग मेलेली, पट्टी एका बाजूला घासलेली. एकोणीस वर्षं मी या दारापर्यंत येत होतो आणि कुलपाकडे एकदाही पाहिलं नव्हतं, याचाच मला आधी राग आला.

हॉलचा सगळा कारभार पोस्टमनकाकांकडे. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी खांद्याला पिशवी असल्यासारखे ते अजून एका बाजूला झुकून चालतात. त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दाखवली आणि यादीची पद्धत समजावली. प्रार्थनेआधी लोक येऊन वाचणाऱ्याच्या कानात आपली अडचण सांगतात, तो ती वहीत लिहितो. नाव लिहायचं नाही. काम लिहायचं, नातं लिहायचं आणि दुखणं लिहायचं.

"नाव का नाही?" मी विचारलं.

"नावं देवाला पाठ असतात. आपल्याला एकमेकांची कामं माहीत असली की पुरे," काका म्हणाले. "एकेक ओळ वाचायची, की सगळे म्हणतात, 'सोबत आहोत'. मग पुढची ओळ. जुन्या ओळी बऱ्या होईपर्यंत तशाच, नवी त्यांच्याखाली. आणि तुमच्या घरची ओळ तुमची तुम्हीच लिहायची, सगळ्यांत शेवटी."

मी लिहिली. 'कुलूपवाल्याची बायको.' अक्षर माझं आधीच वाईट, त्यात पेन नीट चालेना.

दोन गाणी झाली. अर्धे लोक एका सुरात होते, अर्धे आपापल्या. मग पाच मिनिटं शांतता, म्हणजे लॉन्ड्रीची धडधड. मग काकांनी माझ्याकडे मान हलवली. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

"टेलरबाईंचा गुडघा."

"सोबत आहोत," चाळीस माणसं म्हणाली.

गुडघ्याला सोबत! मला हसू आवरेना. पण टेलरबाई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी हसू गिळलं.

"बेकरीवाल्याच्या मुलीची परीक्षा."

"सोबत आहोत."

"ड्रायव्हरची गेलेली नोकरी. काचवाल्याचं बाळ, वजन वाढत नाही." मी ओळीमागून ओळ वाचत गेलो. आवाज माझा खरंच मोठा आहे. भिंतीवरून परत येत होता. आणि अशाच भरात, अर्थ डोक्यात शिरायच्या आधी, मी बायकोच्या अक्षरातली ओळ खड्या आवाजात वाचली.

"कुलूपवाल्याचं डोकं."

"सोबत आहोत."

ते इतक्या सराईतपणे म्हणाले, की मला संशय आला. मी मागचं पान उलटलं. तिथेही तीच ओळ होती. त्याच्या मागच्या पानावरही. दर मंगळवारी मी तिला दारात सोडून पाठ फिरवली की आत माझ्या डोक्याला सोबत दिली जात होती. मागून कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले.

आता एकच ओळ उरली होती. माझ्याच अक्षरातली. मी तिच्याकडे पाहिलं. चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती.

मी वही मिटली. "झालं," म्हणालो.

का, ते आज सांगतो. मी घाबरलो. शेजाऱ्यांसाठी ती 'उपचाराला गेली' होती, गिऱ्हाइकांना 'बाहेरगावी' गेली होती. ती ओळ मोठ्याने वाचली असती तर ती त्या गुडघ्यांच्या आणि परीक्षांच्या रांगेत जाऊन बसली असती. आजारी बाई झाली असती, आणि ते मीच माझ्या तोंडाने केलं असतं. चाळीस माणसांनी एका आवाजात दुजोरा दिल्यावर मग मी काय करणार होतो?

 मी वही घेतली, कुणाच्या नजरेला नजर न देता बाहेर पडलो आणि समोरच्या स्टॉपवर हॉस्पिटलच्या बसची वाट पाहत उभा राहिलो. माझ्या मागे हॉलचं दार बंद झालं होतं. बस यायला सहा-सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आतून एकही माणूस बाहेर आला नाही. मी मनात म्हटलं, अडकलं लॅच. त्या मेलेल्या स्प्रिंगचं हे असंच व्हायचं. परत जाऊन उघडून द्यावं असं वाटलं, पण बस आली.

हॉस्पिटलात ती उशीला टेकून वाट बघत होती.

"वाचलंत?"

"वाचलं. माझ्या डोक्यासकट. चांगलं नाव काढलंस माझं."

तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "आणि माझं?"

"तुझंही."

"सगळे म्हणाले?"

"हो गं बाई, सगळे."

"सहा वाजले तशी मी उठून बसले," ती म्हणाली. "पाठीला हात लावल्यासारखं वाटलं कुणीतरी." मी मास्क वर ओढला.

पुढच्या मंगळवारी मी अर्धा तास आधी पोचलो, पिशवीत हत्यारं घेऊन. स्प्रिंग बदलली, तेल घातलं. यादी वाचली, शेवटची ओळ सोडली, बाहेर आलो. स्टॉपवरून बघतो तर पुन्हा तेच. दार बंद, पाच मिनिटं, सहा मिनिटं, एक माणूस बाहेर नाही. तिसऱ्या मंगळवारी मी पट्टी कानशीने घासून सरळ केली. चौथ्या मंगळवारी आख्खं लॅच काढून माझ्या दुकानातलं नवं बसवलं, आणि तीस वेळा उघडून-मिटून पाहिलं. बोटाने ढकललं तरी उघडत होतं. तरी त्या संध्याकाळीही दार बंदच राहिलं. माझ्या हाताखालून गेलेलं दार असं वागतं म्हणजे काय? बसमध्ये मी स्वतःशीच पुटपुटत होतो आणि शेजारची बाई जागा बदलून गेली.

पाचव्या मंगळवारी मी पोस्टमनकाकांना गाठलं. "काका, दार नीट उघडतं ना?"

"अगदी लोण्यासारखं."

"मग मी गेल्यावर तुम्ही लोक बाहेर का येत नाही?"

काकांनी चष्मा पुसला. "म्हातारी माणसं आम्ही. उठायला वेळ लागतो," ते म्हणाले.

मला ते पटलं नाही, कारण बेकरीवाला काही म्हातारा नव्हता. तो चाळिशीचा, दाराएवढा रुंद, आणि कुठल्याही गोष्टीवरून डोळ्यांत पाणी आणणारा. पहाटेपासून भट्टीपाशी उभं राहून अकराला त्याचं काम आटपायचं. दुसऱ्या आठवड्यापासून तो घरी झोपायला जायच्या ऐवजी माझ्या दुकानात येऊन बसायला लागला, म्हणजे मला हॉस्पिटलात कपडे, औषधं पोचवता येतील. मी बोलावलं नव्हतं. "दादा, तुम्ही या जाऊन," एवढंच म्हणाला. पहिल्याच दिवशी त्याने दोन गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांची अदलाबदल केली. तिसऱ्या दिवशी एका बाईंच्या कपाटाचं कुलूप स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं. मी आलो आणि माझा पारा चढला.

"अरे, जोर लावून उघडलं की कुलूप उघडत नाही, मरतं! आतल्या पट्ट्या आपापल्या जागी येईपर्यंत थांबायचं. हाताला कळतं ते. हात आहेत की कणकेचे गोळे?"

त्याचे डोळे भरले. मी म्हटलं, गेला हा, आता येत नाही. दुसऱ्या दिवशी अकराला तो हजर, आणि हातात ताज्या पावाची पिशवी.

टेलरबाईंची तऱ्हा निराळी. बायकोच्या मानेपाशी औषधाची नळी बसवली होती, त्यामुळे डोक्यातून घालायचे कपडे बाद झाले होते. हे मी कुणालाही बोललो नव्हतो. पण एका सकाळी बाई लंगडत दुकानात आल्या आणि काउंटरवर चार गाऊन ठेवले. पुढून पूर्ण उघडे, बटणांऐवजी नाड्या, मानेच्या जागी नळीसाठी मऊ कापडाची खाच.

"माप?" मी विचारलं.

"एकोणीस वर्षं दर मंगळवारी बघतेय तिला. आणि अशी नळी लावलेल्यांसाठी आधीही शिवलंय मी," त्या म्हणाल्या. "बारीक झाली असेल म्हणून दोन बोटं आत घेतलंय. पुन्हा भरली की उसवता येईल, शिवण सोडून ठेवली आहे." त्यांनी आतली बाजू उलटून मला ती शिवण दाखवली. मी आभार मानायच्या ऐवजी विचारलं की गुडघा कसा आहे. हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारत होतो.

आणि दर मंगळवारी मी ती ओळ सोडत राहिलो. दर मंगळवारी बायकोला सांगत राहिलो, "वाचलं, सगळे म्हणाले." एकदा सुरू केलेलं खोटं थांबवायला जागाच सापडेना.

सातव्या आठवड्यात ताप आला. रविवारी रात्रीपासून उतरेना. नवं रक्त तयार व्हायला लागलं नव्हतं आणि अंगात लढायला काही उरलं नव्हतं. मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. दुसरं औषध सुरू केलंय, म्हणाले. चार दिवसांत कळेल, इकडे की तिकडे.

मी आत गेलो. टेलरबाईंचा गाऊन दोन बोटं आत घेऊनही तिला सैल होत होता. ओठ सुकले होते.

"तुम्हाला एक सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. मी वाकून ऐकत होतो. "तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं होतं, पुरे झालं. डॉक्टरांना सांगणार होते, मला घरी पाठवा म्हणून. मग मंगळवार आला. सहा वाजता वाटलं, तिकडे चाळीस माणसं आपल्याला सोबत म्हणून सांगतायत आणि आपण इथे हात वर करायचे? लाज वाटली. म्हणून राहिले." ती थांबली. दम लागला होता. "आज मला उठून बसवत नाही हो. त्यांना सांगा, आडवी होऊन ऐकतेय."

मी 'हो' म्हणालो आणि बाहेर आलो. जिन्यावर मला बसावं लागलं. ज्याच्या आधारावर ती सात आठवडे टिकली होती ते मी दिलंच नव्हतं. देव आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता तेव्हा. ती ज्या फळीवर उभी होती ती फळी मी घातलीच नव्हती, आणि ती उभी होती.

हॉलवर पोचलो तर सहा वाजून गेले होते. गाणी संपली होती. लोक शांत बसले होते, माझी खुर्ची तेवढी रिकामी. मी बसलो नाहीच. उभ्या उभ्याच वही उघडली.

"टेलरबाईंचा गुडघा."

"सोबत आहोत."

ड्रायव्हरला नोकरी लागली होती, ती ओळ खोडली होती. काचवाल्याच्या बाळाचं वजन थोडं वाढलं होतं. मग माझं डोकं आलं, त्यालाही सोबत मिळाली. मग ती ओळ आली, आणि माझा दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला.  मी पुन्हा प्रयत्न केला. मग मी वही खाली केली.

"मी एक सांगतो," मी म्हटलं. "ही शेवटची ओळ मी सहा आठवडे वाचलेली नाही. पहिल्या दिवशी लिहिली आणि वाचली नाही. तिला सांगत आलो की वाचली. ती त्याच्यावर जगतेय. आणि आज…" पुढचं मला जमेना. मी रडत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, चाळीस जणांसमोर.

 लॉन्ड्रीची मशिनं चालू होती. मग पहिल्या रांगेतून टेलरबाई बोलल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा, म्हणजे जवळजवळ ओरडूनच.

"माहीत आहे आम्हाला!"

मी त्यांच्याकडे वळलो.

"मला कमी ऐकू येतं, पण दिसतं ना बाळा. तू वही मिटायचास तेव्हा एक ओळ बाकी असायची. पानाच्या कडेला बोट असायचं तुझं, तिच्यावर."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

पोस्टमनकाका उठले. "तुम्ही बस पकडायला जायचात. दार मिटलं की आम्ही पुन्हा खाली बसायचो. मी ती ओळ म्हणायचो आणि सगळे म्हणायचे. एकदा नाही, चांगलं पाच-सहा मिनिटं. एकही मंगळवार सुटला नाही."

मी दाराकडे पाहिलं. माझी नवी स्प्रिंग, माझी सरळ केलेली पट्टी, माझं नवंकोरं लॅच. सहा आठवडे मी स्टॉपवर उभा राहून त्या दारावर डाफरत होतो. ते अडकलेलं नव्हतंच. आत माझी बायको होती.

"मला सांगायचं तरी!" मी म्हटलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा थोडा राग आलाच. "मी लॅच बदललं ना आख्खं!"

"दादा," मागून बेकरीवाला म्हणाला. त्याचे डोळे अर्थातच वाहत होते. "जोर लावून उघडलं की मरतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून थांबलो."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि रडता रडता मलाही हसू आलं. काकांनी खिशातून रुमाल काढून दिला. टेलरबाई म्हणाल्या, "आता वाच. मोठ्याने वाच, मला ऐकायचंय."

मी वाचली. "कुलूपवाल्याची बायको."

"सोबत आहोत."

मी आजवर सोबत म्हणजे एक शब्द समजत होतो. त्या दिवशी तो माझ्या पाठीला लागला. ती म्हणायची तसाच, हात लावल्यासारखा. मी पुन्हा वाचली, ते पुन्हा म्हणाले. किती वेळा झालं ते मोजलं नाही. मग काकांनी घड्याळ दाखवलं आणि बेकरीवाल्याने मला त्याच्या पावाच्या व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं.

ती डोळे मिटून पडली होती. मी तिचा हात हातात घेतला, रबरी मोज्यांतून, आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून. वाटलं होतं ती रडेल, किंवा तोंड फिरवेल. तिने डोळे उघडले.

"सहा आठवडे?"

"सहा."

"आणि स्वतःच्या डोक्याची ओळ वाचलीत दर वेळी?"

"ती वाचली."

"अहो, तुम्ही माणूस आहात की कुलूप?" आवाज जेमतेम निघत होता, पण त्यात राग होता. तो राग ऐकून माझ्या जिवात जीव आला. असा राग तिने कित्येक दिवसांत केला नव्हता. मग तिने विचारलं, "आज वाचली?"

"वाचली."

"मोठ्याने?"

"टेलरबाईंना ऐकू गेलं."

"मग गेलं असेल सगळीकडे," ती म्हणाली आणि झोपली. माझा हात तसाच धरून.

पाचव्या दिवशी ताप उतरला. औषध लागू पडलं, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं खरंच आहे. त्यांनी त्या चार दिवसांत घर पाहिलं नव्हतं. टेलरबाईंचं म्हणणं वेगळं आहे. मी दोघांशीही भांडत नाही, आणि मी भांडत नाही म्हणजे बघा. नवव्या आठवड्यात नवं रक्त दिसायला लागलं. डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहून दिला, तो मी दुकानात किल्ल्यांच्या बोर्डावर टाचून ठेवला. अजून वर्षभर तपासण्या आहेत, आणि प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मी दुकानातलं प्रत्येक कुलूप उगाच उघडून-मिटून बघतो. पण बाराव्या आठवड्यानंतर ती घरी आली, डोक्याला रुमाल बांधून, आणि आल्या आल्या म्हणाली की स्वयंपाकघराची वाट लावली आहे मी.

आणखी महिन्याभराने डॉक्टरांनी परवानगी दिली. मंगळवारी मी तिला हॉलवर नेलं. टेलरबाईंनी गाऊनची नव्हे, तिच्या आत घेतलेल्या ब्लाउजची शिवण एक बोट उसवून दिली होती, म्हणजे ती भरायला लागली होती. दारापाशी मी सवयीने थांबलो. आता खुर्ची तिची होती. माझे बारा मंगळवार संपले होते, वर चार जास्तच झाले होते. ती आत गेली, सगळ्यांनी तिला घेरलं, आणि मी लॅचची मूठ धरून तसाच उभा राहिलो. वळून जावं की काय करावं, कळेना.

"दार लाव रे, वारा येतोय!" टेलरबाई ओरडल्या. "आणि आतून लाव!"

मी आतून लावलं. बेकरीवाल्याने भिंतीला टेकवलेली एक घडीची खुर्ची उघडली आणि माझ्या बायकोच्या खुर्चीला लावून ठेवली. एक्केचाळिसावी. मी बसलो.

गाणी झाली, शांतता झाली. बायको उभी राहिली आणि तिने निळी वही उघडली. तिचा आवाज आधीच लहान, आता आणखी बारीक झाला होता, पण हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल असे सगळे गप्प होते. टेलरबाईंचा गुडघा झाला. काचवाल्याची बायको, दुसरं बाळ, तेही झालं. तिने स्वतःची ओळ वाचली, माझ्या वाईट अक्षरातली, जरा थांबून. सगळे म्हणाले, मी सगळ्यांत मोठ्याने म्हणालो.

मग तिने वही मिटली. "झालं," ती म्हणाली.

लोक उठायला लागले. मी बसूनच होतो. माझ्या कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. ती विसरली होती, की मुद्दाम सोडली होती, की तिला वाटत होतं आता गरज नाही? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"एक ओळ राहिली," मी म्हटलं.

उठलेले लोक थांबले. बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं. "कुठली?"

तिला चांगलं माहीत होतं कुठली. मी उभा राहिलो. घसा खाकरला आणि टेलरबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "कुलूपवाल्याचं डोकं."

"सोबत आहोत," चाळीस माणसं म्हणाली.